सिस्टर, हे कुणाला लावलेलं तर नाही ना?

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीला आलेल्या एका काकूंनी टेबलाजवळ उभं राहून, तपासायच्या भांड्याकडे बोट दाखवत मला हे विचारलं, तेव्हा रांगेतल्या बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. मला हसू आलं नाही. दवाखान्यातून नसतं दुखणं घरी न्यायची भीती वेडगळ नाही, आणि करोनानंतर तर ती घट्टच बसलीय. तेव्हा टाळाटाळ करणाऱ्या सासूला किंवा जावेला "काही होत नाही गं" म्हणत नेऊ नका. काय विचारायचं ते शिकवून न्या.

दिवस पाळी संपल्यानंतरचा धरा. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची गोळी नको, आतून धुणंही नको. साडी नेसून जा. सलवार पूर्ण उतरवावी लागते, आणि तिथूनच कितीतरी जणी माघारी फिरतात. लघवी करूनच टेबलावर चढा.

आता काकूंनी दाखवलेलं ते 'भांडं'. आतलं नीट दिसावं म्हणून ते वापरतात. त्याला स्पेक्युलम म्हणतात, बदकाच्या चोचीसारखं असतं. प्लास्टिकचं असलं तर एकदा वापरून फेकायचं. स्टीलचं असलं तर आम्ही वापरल्यावर क्लोरिनच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवतो, साबणानं ब्रश मारून धुतो आणि पाकिटात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेनं जंतू मारणाऱ्या यंत्रात, 121 अंशांवर 30 मिनिटं ठेवतो. नुसतं उकळणं वेगळं, हे वेगळं. पाकिटावरच्या चिकटपट्टीवर गडद रेघा उमटलेल्या दिसतात. रेघा नसतील तर ते पाकीट यंत्रातून गेलेलंच नाही. सरळ म्हणा, "पाकीट माझ्यासमोर फोडा, हातमोजे नवे घाला." ज्या सिस्टरला याचा राग येईल तिचं काहीतरी चुकतंय, तुमचं नाही.

व्हीआयए तपासणीत पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, लावून मिनिटभर थांबतात. थोडं चुरचुरतं. पांढरा डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, पुढं बघायला हवं एवढंच. पन्नाशीनंतर मात्र ही तपासणी फारशी भरवशाची राहत नाही, तेव्हा वय आधीच सांगा.

एचपीव्ही, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, त्याच्या तपासणीची सोय असेल तर तीच मागा. हे मी उगाच म्हणत नाही. आमच्याच भागात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1999 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका होत्या. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरनं झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. काही ठिकाणी यासाठी बाईला स्वतःच पडद्याआड नमुना घेता येतो. मग भांड्याचा प्रश्नच मिटला.

पण एक भीती बायका मोठ्यानं बोलत नाहीत: आत काही 'इन्फेक्शन' निघालं तर नवरा काय म्हणेल? एचपीव्ही संबंधांतून येतो, हे खरं. पण तो इतका सर्रास आहे, की कुणाकडून आणि कधी आला याचा पत्ता लागत नाही, आणि बहुतेक जणींचं शरीर तो एक-दोन वर्षांत स्वतःच घालवतं. घरात पंचायत भरवू नका. टिकून राहिला तरच तो वर्षानुवर्षं पेशी बिघडवत बसतो, आणि तेवढ्या काळात आपल्याला त्याला गाठता येतं.

तपासणीनंतर किंचित डाग पडला तर चालतं. ताप, घाण वासाचा स्राव किंवा ओटीपोटात दुखणं असं काही झालं तर त्याच दिवशी परत या, "आपलंच नशीब" म्हणून घरी बसू नका.

त्या काकूंनी चष्मा लावून रेघा बघितल्या, मगच टेबलावर चढल्या. आणि हो, रिपोर्टचा कागद रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, 5 वर्षांनी पुन्हा लागेल.