हाउटनला जाण्याआधी: सायकल, आणि मग बाकीचं

हाउटनला जायचं ठरवलंत ना, मग आधी सायकल ठरवा. विमानाचं तिकीट, राहायची सोय, बघायच्या जागा, सगळं त्यानंतर. तीन वर्षांपूर्वी मी, बायको आणि तेव्हा नऊ वर्षांची मुलगी, असे तिघं सायकलीची काही सोय न करता तिथे जाऊन उतरलो. ज्या गावाबद्दल मी कित्येक वर्षं वाचत होतो, ते स्टेशन आणि त्यासमोरचं बाजाराचं आवार एवढंच बघून परतलो. दुसऱ्यांदा गेलो ते गेल्या मे महिन्यात, सगळी तयारी करून. त्या दोन फेऱ्यांतून जे कळलं ते इथे लिहितोय.

हाउटन हे नेदरलँड्समधलं, युट्रेख्त शहराच्या दक्षिणेला रेल्वेने दहाएक मिनिटांवरचं गाव. इथले बरेच लोक सकाळी युट्रेख्तला कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. 1960च्या दशकात सरकारने आजूबाजूची वाढती वस्ती सामावून घ्यायला जी गावं निवडली, त्यांतलं हे एक. तेव्हा काही हजार वस्तीचं खेडं होतं, आज वस्ती 50 हजारांच्या आसपास आहे. रॉबर्ट डेर्क्स या वास्तुरचनाकाराने 1968च्या सुमारास त्याचा आराखडा केला. मोटारींसाठी गावाबाहेरून गोल रस्ता. मोटारीने शेजारच्या पेठेत जायचं असेल तरी आधी बाहेर त्या रस्त्यावर यायचं, वळसा घालायचा आणि पुढच्या फाट्याने परत आत शिरायचं. सायकलवाल्यांना मात्र गावाच्या मधून सरळ वाट, आणि शाळा, दुकानं, स्टेशन सगळं त्या वाटेच्या कडेने. 2008 आणि 2018, दोन्ही वर्षी देशातल्या उत्तम सायकल-शहराचा मान हाउटनला मिळाला. पवनचक्क्या, चीजचा बाजार, कालव्याकाठची जुनी घरं बघायला इथे येऊ नका. इथे बघायचं ते गाव कसं चालतं तेच, आणि ते चालत किंवा मोटारीतून दिसत नाही. म्हणून सायकल.

पासपोर्ट, शेंगेन व्हिसा, प्रवासविमा हे तुम्हाला माहीत आहे. विमा किमान 30 हजार युरोंचा लागतो, एवढं बघा. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांना तिथल्या नगरपालिकेत जाऊन हमीपत्रावर शिक्का घ्यावा लागतो आणि मूळ कागद तुमच्याकडे पाठवावा लागतो. ते दोन महिने आधीच सांगून ठेवा.

आता तारीख. पहिल्या वेळी आम्ही गेलो तो रविवार पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा होता, ईस्टरनंतरचा सातवा. आपल्या कॅलेंडरात त्याची खूण नसते. तिथे त्याचा दुसरा दिवस, म्हणजे सोमवारही सुट्टीचा असतो. सायकलीचं जे दुकान मी नकाशावर बघून ठेवलं होतं ते दोन्ही दिवस बंद, आणि मंगळवारी आमचं विमान. त्याआधी एका गुरुवारीही अशीच एक सुट्टी असते, पेंटेकॉस्टच्या बरोबर दहा दिवस आधी. एरवीसुद्धा तिकडची बरीच दुकानं सोमवारी दुपारीच उघडतात. म्हणून मंगळवार ते शनिवार यांतलाच दिवस धरा, आणि तिकडच्या सुट्ट्यांची यादी काढून कॅलेंडरावर हाताने खुणा करा. ज्या दुकानातून सायकल घेणार, त्याला ईमेल करून तो दिवस चालू आहे ना हे लेखी विचारा. नकाशावर दिसणाऱ्या वेळा सणासुदीला खऱ्या असतीलच असं नाही.

आता पुन्हा सायकल. स्टेशनावर मिळेल या भरवशावर जाऊ नका. हाउटनचं स्टेशन उंचावर आहे आणि रुळांखाली सायकलींचा मोठा तळ आहे. तिथे निळ्या-पिवळ्या सायकली एका ओळीत उभ्या दिसतात. त्या ओव्ही-फीट्स, रेल्वेच्या भाड्याच्या सायकली. त्या दिवशी आम्ही त्या ओळीसमोर उभे होतो. मुलीने एका सायकलीच्या सीटवर हात ठेवून विचारलं, "बाबा, यातली आपली कुठली?" एकही नव्हती. ती सायकल घ्यायला स्वतःच्या नावाचं प्रवासकार्ड आणि रेल्वेकडे आधी केलेली नोंदणी लागते. तिथे राहणाऱ्यांची ती सोय आहे, चार दिवसांच्या पाहुण्याला उपयोगाची नाही. हा नियम घरी बसून पाच मिनिटांत वाचता आला असता, मी वाचला नव्हता. त्यात आम्ही ॲमस्टरडॅमजवळच्या आम्स्टेलवीनला आतेभावाकडे उतरलेलो, त्याच्या दारात चार सायकली उभ्या होत्या. आम्ही निघताना तो म्हणाला होता, "दादा, आमच्या घेऊन जा." मी म्हटलं, तिथे मिळतीलच की.

मिळत नाहीत. त्यामुळे यांतला एक मार्ग घरूनच पक्का करून निघा. सगळ्यात सोपा म्हणजे युट्रेख्तमध्ये सायकल भाड्याने घ्यायची आणि तिथून हाउटनपर्यंत चालवत जायची. वाट सपाट आहे, साधारण नऊ-दहा किलोमीटर, आणि जवळजवळ सगळी सायकलींसाठी वेगळी. दुसऱ्या फेरीत आम्ही हेच केलं. पाय मोकळे करत, मध्ये थांबत तास लागला. दुसरा मार्ग म्हणजे नातेवाइकांची सायकल रेल्वेगाडीत घालून न्यायची. त्यासाठी सायकलीचं वेगळं तिकीट लागतं आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा सायकल गाडीत चढवता येत नाही. घडीची सायकल घडी करून नेली तर तिकीट नाही आणि वेळेचं बंधनही नाही. तिसरा मार्ग म्हणजे हाउटनमधल्याच दुकानाकडे आधी आरक्षण करायचं. मात्र लेखी उत्तर हातात आल्याशिवाय ते पक्कं समजू नका.

आरक्षण करताना उंची सांगा. सेंटिमीटरमध्ये, प्रत्येकाची. तिकडच्या सायकली तिकडच्या माणसांच्या मापाच्या असतात. माझी बायको पाच फूट एक इंच. तिच्यासाठी सीट अगदी खाली उतरवूनही पहिल्या दोन सायकलींवर तिचा अंगठा जमिनीला टेकत नव्हता. दुकानदाराने शेवटी आतून मोठ्या मुलांच्या मापाची काढून दिली. लहान मूल असेल तर मागच्या बैठकीची सोय आहे का, किती वजनापर्यंत चालते, हे विचारा.

आणि ब्रेक. याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच डच सायकलींना हँडलला ब्रेकच नसतो, पॅडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला सवय असते की सिग्नलला थांबलं की पायाने पॅडल उलटं फिरवून वर घ्यायचं, म्हणजे निघताना जोर मिळतो. तिथे ते फिरत नाही, घट्ट बसतं. उलट चालत्या सायकलीवर सहज पाय मागे गेला की सायकल जागच्या जागी थांबते आणि मागून येणारा तुमच्यावर येतो. दुकानातून निघाल्यावर पहिली पंधरा मिनिटं एखाद्या रिकाम्या गल्लीत चालवून बघा. हँडलला ब्रेक असलेली मागितली तर मिळते, मागा.

वीस-पंचवीस वर्षांत सायकल चालवली नसेल तर निघायच्या महिनाभर आधीपासून घराजवळ रोज सकाळी चालवा. पुण्यात मी पहाटे साडेपाचला निघायचो, रस्ता रिकामा असतो. आपण डावीकडून चालतो, तिथे उजवीकडून. वळताना हात काढून दाखवावा लागतो, म्हणजे एका हाताने चालवता आलं पाहिजे. बायकोला तेवढंच जमत नव्हतं, तेवढंच तिने महिनाभर केलं.

कार्डाचं सांगतो. रेल्वे, बस, ट्राम सगळीकडे आपलं बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून आत जाता येतं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. याला ओव्हीपे म्हणतात. माणशी एक कार्ड, एका कार्डावर दोघं नाही. उतरताना टेकवायचं विसरलात तर रेल्वेच्या प्रवासाला 20 युरो कापले जातात. आत जाताना कार्ड टेकवलं तर बाहेर येताना तेच कार्ड, फोन नाही. हे तिथे गेल्यावरही कळेल. इथून करून निघायचं ते वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2020च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी वापर आणि टेकवून पैसे देणं, दोन्ही मुळात बंद असतं. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन दोन्ही चालू करा, विमानतळावर नाही, आठवडाभर आधी. तिथे पोचल्यावर ओटीपी भारतातल्या नंबरावर येणार आणि तो नंबर तिथे चालू नसला तर काहीही करता येत नाही. रोख थोडी ठेवा, पण कित्येक दुकानांत फक्त कार्डच घेतात.

कपड्यांत छत्री नको, वाऱ्याने उलटी होते आणि सायकलवर धरताही येत नाही. पावसाचं जाकीट आणि वरून घालायची पावसाळी पँट दोन्ही हवं. नुसतं जाकीट घेतलं तर मांड्या भिजतात आणि ओल्या जीन्सवर वारा लागला की दिवस संपला. बाउएनराडार नावाचं ॲप पुढच्या दोनेक तासांत तुमच्या डोक्यावर पाऊस कधी येणार ते दाखवतं, सगळे तेच बघतात. मे महिन्यातही सकाळी स्वेटर लागतो.

फोन हातात धरून सायकल चालवणं जुलै 2019पासून गुन्हा आहे, दंड जबर आहे. हँडलला लावायचा होल्डर इथूनच घेऊन जा. नकाशा सायकलवर लावा, मोटारीवर राहिला तर तो तुम्हाला गावाबाहेरच्या गोल रस्त्यावर पाठवेल. पत्ता शोधताना पोस्टाचा कोड आणि घर नंबर घ्या, तेवढ्यावर अचूक दार सापडतं. रस्त्याच्या नावावर जाऊ नका, इथे एका पेठेतल्या सगळ्या रस्त्यांच्या नावांचा शेवट सारखाच असतो आणि पाचव्या मिनिटाला गोंधळ होतो.

रेल्वेने जाणार असाल तर स्प्रिंटर पकडा. इंटरसिटी हाउटनला थांबत नाही, सरळ पुढे डेन बॉसला नेते. आणि रेल्वेने गेलात तर सायकलीचं काय, ते आधी ठरलेलं आहे ना? नसेल तर वर जाऊन पुन्हा वाचा.

गावात पोचल्यावर मधल्या लाल वाटेवरून उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. लाल डांबर म्हणजे सायकलीचं. काही ठिकाणी त्यावर मोटारीचं चित्र आणि 'मोटार इथे पाहुणी' अशा अर्थाची पाटी असते. त्या रस्त्यावर मोटार सायकलच्या मागे मुकाट चालते. जमिनीवर पांढरे त्रिकोण दिसले आणि टोक तुमच्याकडे असेल तर तुम्ही समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. शाळा सुटायच्या वेळी दुपारी तीनच्या सुमारास या वाटेवर थांबा, कडेला, वाटेवर नाही. सात-आठ वर्षांची मुलं एकटी, पाठीला दप्तर, एकमेकांशी बोलत जोडीजोडीने घरी जातात. बरोबर मोठं माणूस नाही. माझी मुलगी काही न बोलता सायकलला टेकून बघत राहिली. मग तिने विचारलं, "मी पुढच्या वळणापर्यंत एकटी जाऊ?" गेली. मी तिला हाक मारली नाही. पुण्यात मी तिला सोसायटीच्या फाटकाबाहेर एकटी सोडत नाही.

जुन्या गावाचा चौक आणि चर्च बघा, दहा मिनिटं पुरतात. दक्षिणेकडे रीटप्लास नावाचं तळं आहे, पहिल्या वेळी मुलगी चालून दमली म्हणून अर्ध्यातून परत फिरलो होतो. वेळ असेल तर गावाबाहेर पडा. शेताडीत जुन्या जलरेषेचे, म्हणजे पाणी सोडून शत्रूला अडवायच्या पट्ट्याचे, किल्ले आहेत. शत्रू आला की जमीन गुडघाभर पाण्याखाली घालायची, म्हणजे चालायला खोल आणि नावेला उथळ. 2021 साली हा सगळा पट्टा युनेस्कोच्या वारसा यादीत आला. शेजारच्या स्खाल्कवाइक खेड्याकडे जाणारी वाट फार सुरेख आहे.

बऱ्याच घरांच्या खिडक्यांना पडदे लावलेले नसतात. आत बघत थांबू नका, फोटो तर अजिबात नाही. लोकं राहतात तिथे. आवाज कमी ठेवा.

जेवण बरोबर घ्या. संध्याकाळी हॉटेलांची स्वयंपाकघरं लवकर बंद होतात. ठेपले, बाकरवडी चालते. तूप, पेढे, दूध-दह्याचं आणि मांसाचं काहीही भारतातून नेऊ नका, युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. पाणी नळाचं प्या.

सायकलला कुलूप दोन: मागच्या चाकाचं गोल आणि साखळी. दोन्ही लावा. तळावरच लावा, कठड्याला नाही, उचलून नेतात.

दिवे चालू आहेत ना ते निघायच्या आधी बघा. परतायची वेळ दुकानदाराला विचारा, सहाला बंद म्हणजे पावणेसहाला पोचा. अनामत परत घ्या. उतरल्यावर कार्ड टेकवा.

आणि उद्या सकाळी त्या दुकानाला ईमेल करा.