पियानोच्या नोटेशनमधले शार्प आणि फ्लॅट कसे वाचायचे

शार्प म्हणजे काळी पट्टी असं डोक्यात बसलं असेल तर ते आधी काढून टाका. शार्प (♯) आपल्याला लगतच्या उजव्या पट्टीवर नेतो, फ्लॅट (♭) लगतच्या डाव्या. लगतची म्हणजे मध्ये एकही पट्टी नसलेली, मग ती काळी असो वा पांढरी. ई-एफ आणि बी-सी यांच्यामध्ये काळी पट्टी नसतेच, म्हणून ई शार्प एफच्या पांढऱ्या पट्टीवर वाजतो आणि सी फ्लॅट बीच्या.

बोलताना आपण ‘एफ शार्प’ म्हणतो, पण कागदावर चिन्ह नोटेच्या डावीकडे असतं. शार्पचा मधला चौकोन किंवा फ्लॅटचं पोट ज्या रेघेवर अथवा दोन रेघांमधल्या ज्या जागेत असेल, तीच त्याची नोट. कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवायच्या अनेक नोटांमध्ये, चिन्हांची दाटी होते, तिथे हे नीट बघा.

ओळीच्या सुरुवातीला, क्लेफनंतर (कुठल्या रेघेवर कुठली नोट ते ठरवणारं पहिलं मोठं चिन्ह) लिहिलेले शार्प-फ्लॅट म्हणजे की सिग्नेचर. त्यांचा क्रम ठरलेला आहे: शार्प एफ, सी, जी, डी, ए, ई, बी आणि फ्लॅट बरोबर उलटे. दोन शार्प दिसले की ते एफ आणि सीच. त्या नावाची प्रत्येक नोट, कुठल्याही सप्तकात असली तरी, शार्प वाजवायची. वाजवायला बसल्यावर आधी पियानोवरचे सगळे एफ शार्प आणि सी शार्प खालपासून वरपर्यंत एकेकदा दाबून घ्या. मिनिटभराचं काम आहे, पण बोटांना दिशा मिळते.

खरा गोंधळ होतो तो मध्येच येणाऱ्या चिन्हांनी. समजा, की सिग्नेचर कोरी आहे आणि चार ठोक्यांच्या बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधला भाग) पहिल्या ठोक्याला एफ शार्प आला. तिसऱ्या ठोक्याला त्याच जागी नुसता एफ दिसला तरी तो शार्पच, कारण चिन्हाचा अंमल बारच्या उभ्या रेघेपर्यंत टिकतो. एक सप्तक वरचा एफ मात्र साधा. पुढच्या बारमध्ये खालचाही साधा होतो. अपवाद फक्त टायने, म्हणजे एकाच सुराच्या दोन नोटा जोडणाऱ्या वक्र रेघेने, बारच्या रेघेपलीकडे जोडलेल्या नोटेचा, तेवढी शार्प राहते. रेघेआधीच शार्प रद्द करायचा असेल तर नॅचरल (♮) लिहितात. हाच नॅचरल की सिग्नेचरलाही त्या बारपुरता बाजूला सारतो.

म्हणून अडलात तर उलट दिशेनं तपासा: नोटेच्या डावीकडे चिन्ह आहे का, नसेल तर याच बारमध्ये त्याच जागी आधी आलं होतं का, तेही नसेल तर की सिग्नेचर काय म्हणते.

पेन्सिल जवळ ठेवा, पण प्रत्येक नोटेवर खूण करू नका. डोळे मग फक्त खुणाच वाचतात. एकाच जागी दोनदा चुकलात, तरच तिथे चिन्ह लिहा.