घरात लग्न आणि गाळ्यात जुनं पितळ: या चुका करू नका

जुन्या वस्तूंच्या धंद्यात नवीन आलेला एखादा तरी पोरगा दर उन्हाळ्यात मला सांगतो, "काका, बहिणीचं लग्न आहे, पण गाळा चालूच ठेवतो, अर्धं शटर ओढून." अर्धं शटर हीच पहिली चूक. गड्ड्याच्या यात्रेत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता असतात, तेव्हा सोलापुरात मी गाळा सरळ बंद ठेवतो. मग घरच्या अक्षतांना गिऱ्हाईक कशाला? अडचण खरी आहे, नाही म्हणत नाही. जुने वाडे पावसाआधी उतरवतात, त्यामुळे चांगला माल नेमका एप्रिल-मेमध्ये हाती लागतो, आणि मुहूर्तही तेव्हाच. तरीही एक वाडा सुटला तर सुटला.

दुसरी चूक मी स्वतः केली, म्हणून ती सविस्तर सांगतो.

थोरल्या मुलीच्या लग्नासाठी गाळा आठ दिवस बंद राहणार होता. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने समयांची जोडी 22,000 ला ठरवून 5,000 विसार दिला होता. जपून राहील म्हणून ती जोडी मी घरी आणली. अक्कल गेली ती इथेच. विकलेल्या वस्तूला लाल दोरा बांधायचा, ही माझी तेव्हाची खूण. पण लग्नघरात लाल दोऱ्याला कोण विचारतो? कलशाला दोरा, मुहूर्तमेढीला दोरा, मग समईलाही असेल! हळदीच्या सकाळी आक्काला त्या दिसल्या. "या दोनच काळ्या कशा राहिल्या रे?" म्हणत ती चिंच-मीठ घेऊन बसली, वर पितांबरीचा हात दिला. नळाला चार दिवसांनी पाणी आलं होतं, त्यातल्या दोन बादल्या त्यावर गेल्या. संध्याकाळी समया सोन्यासारख्या लखलखत होत्या आणि सगळे आक्काचं कौतुक करत होते. मीही केलं. हळदीच्या मांडवात थोरल्या बहिणीला काय बोलणार?

गिऱ्हाइकाने नंतर येऊन समई हातात फिरवली, "अशी नवी कुठेही मिळते" म्हणाला आणि विसार परत नेला. तो चुकला नव्हता. पितळेवर हवा, तेल, काजळी आणि माणसांचे हात यांनी कित्येक वर्षांत जो तपकिरी रंग चढतो, त्याचेच पैसे असतात. घासली की तो जातो, आणि फार घासली तर नक्षीच्या कडाही बोथट होतात. रसायन लावून पुन्हा काळी करून देणारे बाजारात आहेत. मी त्यांच्या दारात जात नाही. खरी जुनी वस्तू नक्षीच्या खाचेत काळी आणि हात लागतो तिथे उजळ असते. रसायनाची सगळीकडे सारखीच काळी. जाणत्याच्या ते लगेच लक्षात येतं, मग तो बाकीच्या मालाकडेही संशयानेच बघतो.

तेव्हापासून विकलेल्या वस्तूला तांब्याची तार आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेला पुठ्ठा. विकलेला माल घराचा उंबरा ओलांडत नाही. लग्नाच्या आठवड्यात गाळ्याची किल्ली माझ्या करदोट्याला. बायको हसते, हसू दे.

स्वयंपाकाची भांडी मात्र घासायचीच, तिथे काळेपणाचं कौतुक नको. आणि कल्हई उडालेलं पातेलं आचाऱ्याला कधीच देऊ नका. चिंचेची आमटी किंवा ताक त्यात कळकतं, आणि अख्खी पंगत आजारी पडली तर तुमचं नाव गावभर.

सेल्फी पॉइंटला गाळ्यातला ग्रामोफोन, ट्रंक आणि भिंतीवरचं घड्याळ मागायला भाचरं येतील. ट्रंक द्या. घड्याळ द्यायचंच असेल तर लंबक आधी काढून वेगळा बांधा. तो तसाच हलला की वरची पातळ पट्टी वाकते आणि मग घड्याळ चालतच नाही. ग्रामोफोन नवाच बनवून जुना म्हणून विकलेला असेल तर खुशाल द्या, तो सेल्फीपुरताच असतो.

लग्नाच्या धांदलीत कुणी गोणपाटात गुंडाळलेली मूर्ती घेऊन दाराशी आलं, तर हात लावू नका. 100 वर्षांहून जुन्या मूर्तीला 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे नोंदणी लागते आणि अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना. जुन्या पोथ्यांना तर 75 वर्षंच पुरतात. हस्तिदंताचं नावही नको. घाईत असलेल्या माणसाकडेच असा माल येतो, हे नव्या पोरांना कितीही सांगा, "स्वस्तात मिळाली" म्हणून घेतातच.

पैशांचे डबे दोन. मांडववाल्याला गाळ्याच्या डब्यातून दिलं की लग्नाचा खर्चही कळत नाही आणि धंद्याचा तोटाही.

शेवटची चूक व्याह्यांची. म्हणजे माझीच. मांडव-परतणीला आले असताना त्यांनी गाळ्यात एक जड पानदान उचललं आणि विचारलं, "केवढ्याला हे?" माझी 3,500 ची खरेदी. मी म्हणालो, "घ्या हो, आपलंच आहे." त्यांनी घेतलं. आता दिवाळीला गेलो की मला त्यातूनच विडा देतात, आणि पाहुण्यांना सांगतात की जुन्या वस्तूंची पारख त्यांनाच आहे.