मिठात, पण विद्यापीठात: मराठी स्पेलचेकरची शब्दयादी लावताना

लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स शुद्धलेखन तपासायला हनस्पेल हा प्रोग्राम वापरतात. त्याला दोन फाइली लागतात. डिक (.dic) फाइलीत शब्द असतात, ॲफ (.aff) फाइलीत प्रत्ययांचे नियम. मराठीत शब्द गोळा करणे सोपे, त्यांची रूपे सांभाळणे अवघड. एकट्या 'घर'ची घराला, घरात, घरासाठी, घरातल्यांनाही अशी रूपे निघतात की ती हाताने टिपणे शक्य नाही. म्हणून यादी शब्द कसा चालतो, म्हणजे प्रत्ययाआधी त्याचे सामान्यरूप (घर-घरा) कसे होते, यावर लावावी. अकारविल्हे किंवा विषयवार नको.

मूळ यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवा. रकाने पाच: शब्द, शब्दाची जात (नाम, क्रियापद वगैरे), लिंग, तत्सम (संस्कृतातून जसाच्या तसा आलेला) आहे का, सामान्यरूप. गावे-आडनावे आणि 'केलं-गेलं' अशी बोलीतली रूपे वेगळ्या पानांवर. डिक फाइल यातून स्क्रिप्टने काढा, तिला हात लावू नका. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी पुसली जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. क्रम बाइटनुसार (अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकांनुसार), म्हणजे 'सी' लोकेल या भाषा-सेटिंगने लावा, नाहीतर प्रत्येक संगणकावर क्रम बदलतो आणि दोन आवृत्त्यांतला खरा फरक सापडत नाही.

वर्गीकरणाआधी अक्षरे धुऊन घ्या, कारण सारखे दिसणारे शब्द संगणकाला सारखे नसतात. युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह (०९७२) आहे, पण अनेक जण अ आणि ॅ जोडून लिहितात. 'दुसऱ्या'तला अर्धा र कुठे ऱ (०९३१) आणि हलन्ताने लिहिलेला असतो, तर कुठे साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे चिन्ह वापरून. जुन्या फॉन्टांतून बदललेल्या मजकुरात 'ो'च्या जागी काना आणि मात्रा सुटे पडतात. यातले काहीही एनएफसी या युनिकोड सामान्यीकरणाने जुळत नाही. त्यासाठी बदलाचा तक्ता स्वतःच लिहावा लागतो. 'दु:ख'मध्ये विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह पडले असेल तर तेही बदला.

आता मुख्य काम. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांत (१९७२मध्ये चारांची भर पडून ते अठरा झाले) उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातले) दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होतात: मीठ-मिठात, फूल-फुलाला, गरीब-गरिबाला. तत्सम शब्द याला अपवाद: गीत-गीतात, शरीर-शरीराला. म्हणून तत्समचा रकाना गाळता येत नाही. 'पीठ' बघा. धान्याचे पीठ पिठात जाते, पण विद्यापीठ विद्यापीठातच राहते. दोघांना एक वर्ग दिला की स्पेलचेकर 'विद्यापिठात' बरोबर म्हणून सोडून देतो.

प्रत्येक वर्गाला आकडा द्या: ऱ्हस्व होणारे २१, तत्सम २२. ॲफ फाइलीत आकडी खुणा वापरत असल्याचे आधी जाहीर करा, आणि दोन्ही फाइलींत हे आकडे इंग्रजी अंकांतच लिहा. हनस्पेल काढायचा तुकडा जसाच्या तसा मागतो. त्यामुळे वर्ग २१मध्ये 'ीठ' काढून 'िठा', 'ूल' काढून 'ुला' अशी व्यंजनागणिक ओळ हवी. गटाच्या शिरोभागी लिहिलेली ओळींची संख्या मोजून जुळवा.

नुसते 'मिठा' बरोबर ठरू नये म्हणून सामान्यरूपाला 'प्रत्यय हवाच' ही खूण लावा. हनस्पेल शेवटून दोनच प्रत्यय सोडवतो. घर, घरा, साठी, चा यांत तीन पायऱ्या होतात. तेव्हा 'साठीचा', 'साठीची', 'साठीच्या' हे आधीच जोडून एकच प्रत्यय म्हणून लिहा. गहू-गव्हा, भाऊ-भावा अशा अनियमित शब्दांसाठी नियम रचत बसू नका. 'गव्हा' ही डिक फाइलीत वेगळी नोंद करावी, त्याच खुणेसह. फाइल थोडी वाढते, पण एक पायरी वाचते.

यादी मोठी म्हणजे चांगली, हा समज घातक आहे. संस्कृत कोशातून 'पाणि' (हात) उचलला की 'पाणी'चे चुकलेले ऱ्हस्व रूप कायमचे झाकले जाते. 'पाणिग्रहण' ठेवा, सुटा 'पाणि' काढा. शब्द वारंवार दिसतो म्हणून तो शुद्ध होत नाही: 'महत्व', 'उज्वल', 'आशिर्वाद' सगळीकडे सापडतात. हे यादीत नकोत, पण ॲफ फाइलीतल्या, पर्याय सुचवणाऱ्या बदलीच्या तक्त्यात हवेत. तिथे त्व-त्त्व, ज्व-ज्ज्व, ि-ी, ु-ू, ण-न, श-ष अशा जोड्या दोन्ही दिशांनी द्या. 'हिंदुत्व'ला धक्का लागत नाही, कारण हा तक्ता फक्त चुकीच्या ठरलेल्या शब्दाला पर्याय सुचवतो आणि पर्यायही यादीतलेच असतात.

डिक फाइलीच्या पहिल्या ओळीत शब्दसंख्या लिहा. ती थोडी चुकली तरी चालते, पण ओळच नसेल तर हनस्पेल तक्रार करतो. शेवटी दोन चाचणी-याद्या ठेवा, एक शुद्ध रूपांची, एक अशुद्ध. प्रत्येक बदलानंतर दोन्ही चालवा. पहिलीतला एकही शब्द अडता कामा नये, दुसरीतला एकही सुटता कामा नये. जास्त लक्ष दुसरीकडे द्या. बरोबर शब्दाखाली लाल रेघ आली तर वापरणारा कळवतो, सुटलेली चूक मात्र कोणालाच दिसत नाही.