आधी टेबलाशेजारी बसा, मग विंडोज ११ टाका

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे १४० पीसी माझ्याकडे आहेत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याआधी आम्ही बहुतेक सगळीकडे विंडोज ११ टाकून घेतलं. ज्यांचं हे काम अजून व्हायचंय त्यांना पहिली गोष्ट सांगतो: वही घ्या आणि प्रत्येक टेबलाशेजारी तासभर बसा. तो माणूस सकाळपासून पीसीवर काय काय करतो, कुठला प्रिंटर, कुठला डोंगल (सॉफ्टवेअर चालायला पीसीला लावायची किल्ली), कुठली जुनी फाइल वापरतो, सगळं लिहून काढा.

पहिल्या फेरीत मी हे केलं नव्हतं. सॉफ्टवेअरची यादी टूलने काढली आणि तिच्या भरवशावर डिस्पॅचचा पीसी दुपारी अपग्रेड केला. संध्याकाळी चलनं छापायला घेतली. डॉट मॅट्रिक्सवर पहिलं चलन बरोबर, दुसरं थोडं खाली, आणि पाचव्यापर्यंत गाडी नंबर पुढच्याच चलनावर गेलेला. कंटिन्युअस कागदासाठी कोणीतरी फार पूर्वी प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये वेगळा साइज बनवून ठेवला होता. नवा ड्रायव्हर बसला आणि प्रिंटर ए४ धरून चालायला लागला. हे सापडेपर्यंत साडेआठ वाजले, गेटवर दोन ट्रक भरून उभे. डिस्पॅचच्या ताई म्हणाल्या, “सर, त्या बारा इंची कागदाचं सेटिंग होतं ना. मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.” ते सेटिंग कुठल्याच यादीत येत नाही. ते त्या ताईंना माहीत होतं.

मग वही भरत गेली. अकाउंट्समध्ये डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन, त्याचा नवा ड्रायव्हर आधीच आणून ठेवायला हवा. स्टोअरमध्ये बारकोड लेबलचा प्रिंटर. एचआरकडे युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधली शेकडो पत्रं. नव्या पीसीवर तो फॉन्ट नेला नाही तर नेमणूकपत्रातलं एकही अक्षर वाचता येत नाही. आणि टूलरूममध्ये सिरियल पोर्टवरून सीएनसीला (कॉम्प्युटरच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनला) प्रोग्राम पाठवणारा, जुन्या ३२-बिट विंडोजचा पीसी. विंडोज ११ ३२-बिटमध्ये येतच नाही. तो पीसी आम्ही तसाच ठेवला, पण इंटरनेट तोडून आणि वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र भागात) टाकून. अशी मशीन लपवू नका, मॅनेजमेंटला लेखी कळवा.

आता हार्डवेअर. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, टीपीएम २.० (किल्ल्या-पासवर्ड जपणारी सुरक्षेची सोय), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, ही कागदावरची किमान अट. माझं स्पष्ट मत: ८ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर त्या पीसीला हात लावू नका, लोक रोज तुमच्या नावाने ओरडतील. बऱ्याच असेंबल्ड पीसींवर टीपीएम असतं, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) बंद असतं. तिथे ते इंटेल बोर्डवर ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा. बायोस उघडण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) सस्पेंड करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की त्या पीसीबाहेर जपून ठेवा. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर फॉरमॅट मारायची गरज नाही, विंडोजमधलंच ‘एमबीआर२जीपीटी’ टूल ती नव्या जीपीटी पद्धतीत बदलून देतं. त्यानंतर बायोसमध्ये यूईएफआय (पीसी सुरू होण्याची नवी पद्धत) चालू करायला विसरू नका. हे सगळं अर्थात बॅकअप घेऊन. आणि बॅकअपमधली एक फाइल उघडून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका.

जे पीसी या अटींत बसतच नाहीत त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्ट पैसे घेऊन विंडोज १० चे सिक्युरिटी अपडेट देतं. कंपन्यांसाठी भाव पहिल्या वर्षी ६१ डॉलर एका पीसीला, पुढे दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. एखाद वर्ष काढायला ठीक. दोन वर्षांचे पैसे देण्यापेक्षा त्यात भर घालून पीसी बदलावा.

तारखा अकाउंट्सबरोबर बसून ठरवा. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं, शिवाय पगार. आमच्याकडे २१ ते २७ एवढीच खिडकी उरली. मार्च आणि एप्रिलचं नावही काढू नका. गुरुवारी आमच्या भागात साप्ताहिक सुट्टी, म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो. पण महावितरणची देखभालीची कामंही बहुतेक गुरुवारीच निघतात. अपग्रेड अर्ध्यावर असताना वीज जाऊन चालणार नाही. आधी चौकशी करा, यूपीएसच्या बॅटऱ्या तपासा.

पायलटला (सुरुवातीच्या छोट्या चाचणीला) प्रत्येक विभागातून एक माणूस घ्या, आणि तो कॉम्प्युटरमध्ये हुशार असलेला नको. हुशार माणूस अडचण स्वतःच सोडवतो आणि तुम्हाला कळतच नाही. दोन आठवडे थांबा, मग एका वेळी आठ-दहा पीसी. विंडोज ११ ची पाच जीबीच्या वरची फाइल प्रत्येक पीसीवर इंटरनेटवरून उतरवू नका, नाहीतर ऑफिसची लाइन दिवसभर झोपते. एकदा सर्व्हरवर आणा आणि रात्री कॉपी लावा.

जुन्या विंडोजवर परत जायला फक्त १० दिवस मिळतात. ते संपायच्या आत ‘डिझम’ कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते. आम्ही प्रत्येक पीसीवर वाढवली. महिन्यातून एकदाच होणारं काम दहा दिवसांत समोर येतच नाही. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका, जुनं विंडोज ठेवलेलं ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर गेलं की परतीची वाट बंद.

टास्कबार मधोमध आलेला बघून लोक दचकतात. पीसी ताब्यात देण्याआधीच सेटिंग्जमधून तो डावीकडे आणून ठेवा. पहिल्या सकाळी सर्व्हर रूममध्ये बसू नका, त्या विभागातच खुर्ची टाका. दुसऱ्या फेरीत मी साडेआठला डिस्पॅचमध्ये जाऊन बसलो, ताईंनी सलग दहा चलनं छापली, आणि दहावं फाडून झाल्यावरच मी पुढच्या टेबलाकडे गेलो.