निळं अस्वल बघायला जा, गाडी घरी ठेवून

अमेरिकेत डेन्व्हरला नवीन आलेल्याला महिन्याभरात कुणीतरी विचारतंच, "निळं अस्वल बघितलं का?" म्हणजे शहराच्या मध्यभागातलं ते भलंमोठं शिल्प. बघाच. फक्त गाडीने जाऊ नका. हे मी पुन्हा सांगणार आहे, तयारी ठेवा.

विमानतळावरून येताना रस्त्यालगत लाल डोळ्यांचा निळा घोडा दिसतो, तो वेगळा. तो 32 फुटी घोडा घडवत असताना 2006 मध्ये त्याचाच एक भाग अंगावर पडून शिल्पकार लुईस हिमेनेझ गेले. घोडा उभा राहिला 2008 मध्ये. हिमेनेझ यांच्या वडिलांच्या निऑन पाट्यांच्या कारखान्याची आठवण म्हणून त्याच्या डोळ्यांत लाल दिवे आहेत. घरची मंडळी रात्रीच्या विमानाने येणार असतील तर आधी कल्पना द्या. माझ्या आईने गाडीतच रामरक्षा सुरू केली होती.

अस्वल मात्र गोड आहे. चौदाव्या रस्त्यावर कन्व्हेन्शन सेंटरच्या, म्हणजे संमेलनं-प्रदर्शनं भरतात त्या इमारतीच्या, काचेला पंजे आणि नाक टेकवून ते आत डोकावतं. उंची 40 फूट, वजन साधारण साडेचार टन. लॉरेन्स आर्जेंट यांनी 2005 मध्ये ते उभं केलं. एका घराच्या खिडकीतून डोकावणाऱ्या अस्वलाचा वर्तमानपत्रातला फोटो त्यांच्या डोक्यात होता. रंग खरं तर इथल्या दगडमातीसारखा द्यायचा होता, पण नमुन्याची छपाई चुकून निळी आली आणि त्यांना तीच आवडली. जवळ गेलात की दिसेल, अंगावर केस नाहीत, सगळे त्रिकोणी पैलू आहेत, कागदाची घडी घालून केल्यासारखे. सासूबाई मान वर करून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आत कुणाचं लग्न आहे का गं? आमंत्रण नसलेलं दिसतंय बिचाऱ्याला."

आपली निम्मी माणसं रस्त्यावरून त्याच्या पाठीचा फोटो काढून परत फिरतात. इमारत उघडी असेल तर आत जा आणि काचेतून त्याचा चेहरा बघा. खरी गंमत तिथे आहे.

आता गाडी. आम्ही नवे असताना "दोन मिनिटांत फोटो काढून येतो" म्हणून ह्यांनी शेजारच्या एका खासगी मोकळ्या जागेत गाडी लावली. पाटी होती, अक्षर बारीक होतं, आणि पार्किंगचे डॉलर मनातल्या मनात रुपयांत गुणण्याची खोड अजून गेली नव्हती. सासूबाई रमल्या, दोन मिनिटांची पंचवीस झाली. परत येऊन बघतो तर गाडी गायब. टोइंगवाल्याच्या आवारात पोचायला टॅक्सी, तिथे तीनशेच्या वर डॉलर, आणि खिडकीतल्या बाईने वर "हॅव अ नाइस डे" म्हटलं. इथले लोक गाडी उचलतात तीही गोड बोलून. त्यानंतर मी किती जणांना सांगितलं! गेल्याच उन्हाळ्यात एक नवं जोडपं "रविवार आहे हो, कोण बघतंय" म्हणत गाडीने गेलं. रात्री आवारातून गाडी सोडवून आणायला आमच्याच ह्यांना जावं लागलं.

लाइट रेलचं, म्हणजे शहरातल्या छोट्या रेल्वेचं, स्टेशन कन्व्हेन्शन सेंटरच्या पोटातच आहे. आरटीडीचं, म्हणजे ती चालवणाऱ्या इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेचं, वेळापत्रक बघून निघा. गाडी आणायचीच असेल तर पाटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि पैसे आधी भरा. दोन मिनिटांसाठीसुद्धा.

भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या दोन दिवसांत नेऊ नका. शहर 5,280 फुटांवर आहे, डोकं दुखतं, धाप लागते. बरोबर पाणी ठेवा, थंडीतही टोपी ठेवा, ऊन इथे चावतं. पाणी 95 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यातली डाळ तासन्‌तास टणकच राहते. कुकर आणायला विसरू नका.

आणि अस्वलाचे छोटे निळे पुतळे मिळतात. पुण्याला जाताना न्यायला बरे, बॅगेत चॉकलेटसारखे वितळत नाहीत.