पीडीपी-११/४० वर युनिक्सची सहावी आवृत्ती कशी चालू करावी

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा पीडीपी-११/४० हा सोळा-बिटी लघुसंगणक आणि बेल प्रयोगशाळेतून १९७५ साली बाहेर पडलेली युनिक्स या कार्यप्रणालीची सहावी आवृत्ती ही जोडी आजही एकत्र नांदू शकते. सॉफ्टवेअर मिळवणे सोपे आहे, कारण कॅल्डेरा कंपनीने जानेवारी २००२ मध्ये या जुन्या आवृत्त्यांना मुक्त परवाना दिला आणि युनिक्स हेरिटेज सोसायटीच्या संग्रहात त्या उपलब्ध आहेत. खरी मेहनत यंत्रावर घ्यावी लागते. माझा आग्रह एकच आहे: वीज, बस (कार्डांना जोडणारी सामाईक वाहिनी), प्रोसेसर, कन्सोल (यंत्राशी बोलण्याचे टर्मिनल), डिस्क आणि सर्वांत शेवटी युनिक्स, असे खालून वर जावे आणि खालची पायरी सिद्ध झाल्याखेरीज वरच्या पायरीला हात लावू नये.

काम हाती घेण्यापूर्वी यंत्रात काय आहे ते तपासावे. सहाव्या आवृत्तीला स्मृती-व्यवस्थापनाचे केटी११-डी कार्ड, गुणाकार-भागाकाराच्या सूचनांसाठी केई११-ई कार्ड, विजेच्या लयीवर चालणारे केडब्ल्यू११-एल घड्याळ, कन्सोलसाठी डीएल११ आणि आरके११ नियंत्रकासह किमान एक आरके०५ डिस्क ड्राइव्ह लागतो. पहिल्या दोन कार्डांपैकी एक जरी नसले तरी ही आवृत्ती चालणार नाही.

तालीम सिम्युलेटरवर

सिमएच नावाचा मोफत सिम्युलेटर नेहमीच्या संगणकावर बसवावा, त्यात ११/४० निवडावा, डिस्कची प्रतिमा-फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कची एका फाइलमधली नक्कल, आरके-शून्यला (पहिल्या आरके०५ ड्राइव्हला) जोडावी आणि तिथे युनिक्स चालू करून पाहावी. यामुळे कोणत्या क्षणी पडद्यावर काय उमटायला हवे ते डोळ्यांत बसते आणि प्रतिमा-फाइल निर्दोष असल्याची खात्रीही होते. तीच फाइल पुढे खऱ्या यंत्रावर चालली नाही, तर दोष यंत्रात शोधायचा हे आधीच ठरलेले असते.

वीज

अमेरिकेत वापरलेले यंत्र बहुधा ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे असते, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण वारंवारता बदलू शकत नाही, आणि हा फरक पुढे दोन ठिकाणी आडवा येतो.

सर्व कार्डे बाहेर काढून ठेवावीत. पॉवर सप्लायमधील मोठे कपॅसिटर अनेक वर्षे पडून राहिलेले असतात, म्हणून ते सुटे करून, रोधकामार्फत बेंच सप्लायवर काही तास हळूहळू व्होल्टेज चढवत पुन्हा घडवून घ्यावेत. अख्ख्या सप्लायला डिमरस्टॅट लावून हळूहळू वर नेण्याची पद्धत अनेक जण सुचवतात, परंतु यातील पाच व्होल्टचे एच७४४ हे रेग्युलेटर स्विचिंग प्रकारचे असल्याने अपुऱ्या व्होल्टेजवर ते भलतेच वागतात, त्यामुळे मी ती टाळतो. नंतर प्रत्येक रेग्युलेटर बोजा जोडून तपासावा. पाच व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ च्या आत स्थिर राहिली पाहिजे. एसी-लो आणि डीसी-लो हे वीज अपुरी असल्याचे सांगणारे दोन संकेतही बघावेत, कारण सप्लायने ते सोडले नाहीत तर प्रोसेसर हलतच नाही.

बस

युनिबस या पीडीपी-११ च्या बसच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर, म्हणजे संकेत परत उसळू न देणारी शेवटची कार्डे, हवेत. त्याहून घातक असतो रिकामा स्लॉट. उपकरणाने व्यत्यय मागितला, म्हणजे हातचे काम थांबवून आपल्याकडे पाहायला सांगितले, की प्रोसेसरकडून परवानगीचा संकेत निघतो आणि तो कार्डागणिक हातोहात पुढे जातो, त्यामुळे मध्ये रिकामी जागा राहिली की साखळी तुटते. तिथे जी७२७ हे छोटे जोड-कार्ड बसवावे लागते. माझे दोन शनिवार-रविवार असेच गेले होते: पॅनेलवरून सगळे ठीक दिसत होते, पण व्यत्यय सुरू होताच यंत्र थिजून जात असे. शेवटी टॉर्च घेऊन बॅकप्लेनमध्ये, म्हणजे कार्डे खोचायच्या चौकटीत, डोकावलो, तेव्हा कन्सोलच्या कार्डाअलीकडचा एक स्लॉट रिकामा दिसला. तेव्हापासून कार्डे बसवताना मी स्लॉट मोजून, कागदावर नकाशा काढूनच पुढे जातो.

थेट स्मृतीत लिहिणाऱ्या उपकरणांसाठी परवानगीची आणखी एक वायर बॅकप्लेनच्या मागच्या बाजूला गुंडाळलेली असते. आधीच्या मालकाने ती कापून ठेवलेली नाही ना, हेही पाहावे.

पॅनेलवर पहिली अक्षरे

आता समोरच्या पॅनेलवरचे अठरा स्विच वापरायचे. ते तिनातिनाच्या गटांत रंगवलेले असतात, कारण सगळा हिशेब अष्टमान पद्धतीत चालतो आणि तीन स्विच म्हणजे एक अंक. पत्ता लावून ‘लोड ॲड्रेस’ दाबावे, मग मजकूर लावून ‘डिपॉझिट’ वर उचलावा. पुढच्या डिपॉझिटला पत्ता आपोआप दोनने वाढतो.

पहिली चाचणी चार शब्दांची पुरे: ००१००० या पत्त्यापासून ०१२७३७, ०००१०१, १७७५६६ आणि ०००००० भरावेत. अर्थ असा की १०१ हा अंक, म्हणजे रोमन मोठा ए, कन्सोलच्या प्रक्षेपक नोंदकात, म्हणजे टर्मिनलकडे अक्षर पाठवणाऱ्या जागेत, टाकावा आणि थांबावे. पुन्हा ००१००० लोड करून, ‘हॉल्ट’चा स्विच ‘एनेबल’कडे करून ‘स्टार्ट’ दाबावे. टर्मिनलवर ते एकच अक्षर उमटते तेव्हा प्रोसेसर, स्मृती, बस आणि कन्सोल हे चौघे एकमेकांशी बोलत असल्याचे सिद्ध होते. तोच नोंदक पॅनेलवरून थेट तपासायचा असेल, तर अठरा-बिटी पत्ता ७७७५६६ असा लावावा लागतो. अक्षर उमटले नाही तर आधी टर्मिनलची जोडणी पाहावी, कारण काही डीएल११ कार्डे वीस मिलिअँपियरच्या प्रवाह-लूपवर चालतात आणि आजच्या सीरियल पोर्टसाठी मध्ये रूपांतरक लागतो.

डिस्क

आरके०५ मध्ये चौदा इंचांची एकच तबकडी मिनिटाला १५०० फेरे घेते आणि वाचणारे-लिहिणारे डोके तिच्यावर हवेच्या अतिशय पातळ थरावर तरंगते. हा ड्राइव्ह घाईने चालू केला तर डोकेही जाते आणि तबकडीही. मोटर थेट विजेच्या वारंवारतेवर फिरते, म्हणून साठ हर्ट्झसाठी बनवलेला ड्राइव्ह आपल्या पन्नास हर्ट्झवर १२५० फेऱ्यांनीच फिरेल. पुली आणि पट्टा पन्नास हर्ट्झचे बसवून घेणे अनिवार्य आहे. हवेच्या गाळणीभोवतीचा जुना फोम बोटांत चुरा होत असेल तर तो पूर्ण काढून नवा लावावा. वीज गेल्यास डोके मागे ओढण्यासाठी आत निकेल-कॅडमियमची बॅटरी असते, ती गळलेली असल्यास बदलावी. डोकी आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावीत. मग डोक्याला पुढे-मागे नेणाऱ्या मोटरची जोडणी काढून तबकडी अर्धा तास नुसतीच फिरवावी, म्हणजे धूळ गाळणीत जाते.

तबकडीच्या हबवर खाचा असतात. पीडीपी-११ ला बारा विभागांची तबकडी लागते, पीडीपी-८ साठी सोळा विभागांची. दोन्ही कार्ट्रिज वरून सारखीच दिसतात, म्हणून विकत घेताना खाचा मोजाव्यात.

हे झाल्यावर जोडणी पूर्ववत करून ‘रन’ करावे. मोटरचा सूर चढत जातो, स्थिरावतो आणि मग डोकी आत सरकल्याचा हलका ठोका ऐकू येतो. ‘रेडी’ आणि ‘ऑन सिलिंडर’ हे दिवे लागतात. घासल्यासारखा बारीकसा आवाज जरी आला, तरी क्षणात ‘लोड’कडे स्विच करावा.

प्रतिमा डिस्कवर उतरवणे

मूळ वितरण चुंबकी टेपवर येत असे. टेप ड्राइव्ह नसेल तर व्हीटीसर्व्हर या प्रोग्रामच्या साहाय्याने सीरियल तारेवरून तबकडी लिहिता येते. तबकडीवर २०३ सिलिंडर, दोन बाजू, बारा विभाग आणि विभागाला ५१२ बाइट, म्हणजे जवळजवळ पंचवीस लाख बाइट मावतात. ९६०० बॉडच्या वेगाने त्याला पाऊण तास लागतो. युनिबोन हे कार्ड परवडत असेल तर ते स्वतःच आरके०५ ची नक्कल करते, आणि खरा ड्राइव्ह दुरुस्त होईपर्यंत बाकीचे यंत्र त्यावर सिद्ध करून घेता येते.

प्रत्यक्ष चालू करणे

यंत्रात बूट रॉम, म्हणजे डिस्कवरून पहिला प्रोग्राम आणणारी कायमची स्मृती, नसल्यास पुढील नऊ शब्द ००२००० पासून भरावेत: ०१२७००, १७७४१२, ००५०४०, ०१००४०, ०१२७४०, ०००००५, १०५७१०, ००२३७६, ००५००७. हे नऊ शब्द डिस्कचा पहिला विभाग स्मृतीच्या शून्य पत्त्यावर वाचतात, नियंत्रक तयार होईपर्यंत वाट पाहतात आणि शून्यावर उडी मारतात. भरून झाल्यावर ‘एक्झॅमिन’ने एकेक शब्द पुन्हा वाचावा, एक स्विच चुकला तरी डिस्कवर नको ते लिहिले जाऊ शकते. म्हणूनच पहिल्या खेपेला ‘राइट प्रोटेक्ट’ लावून ठेवावे आणि @ हे चिन्ह उमटले की मगच ते काढावे.

@ समोर थांबून स्विचांवर १७३०३० लावावे, म्हणजे प्रणाली एकाच वापरकर्त्याच्या अवस्थेत उघडते. मग कर्नलच्या, म्हणजे युनिक्सच्या गाभ्याच्या, फाइलचे नाव, आरकेयुनिक्स, रोमन लहान अक्षरांत लिहावे. मोकळ्या स्मृतीचा आकडा येतो आणि पाठोपाठ # हे चिन्ह. इथपर्यंत पोचलात की युनिक्स चालू आहे.

टर्मिनल सात बिटांवर ठेवावे, नाहीतर कचरा दिसतो. टंकलेखनात # हे चिन्ह मागचे अक्षर खोडते आणि @ पूर्ण ओळ खोडते. बॅकस्पेस इथे कामाचा नाही. निर्देशिका बदलायला सीडी चालत नाही, सीएचडीआयआर असे पूर्ण लिहावे लागते. आधी आयचेक चालवून फाइल-व्यवस्था तपासावी. बहुवापरकर्ता अवस्थेत जाण्यासाठी स्विच बदलून कंट्रोल-डी द्यावा.

वारंवारतेचा दुसरा अडथळा इथे येतो. कर्नल घड्याळाचे साठ ठोके म्हणजे एक सेकंद धरतो, पण आपल्या विजेवर सेकंदाला पन्नासच ठोके पडतात, त्यामुळे यंत्राचे घड्याळ तासाला दहा मिनिटे मागे पडते. कर्नलच्या स्रोतातील पॅरॅम या शीर्षक-फाइलमध्ये एचझेड समोर ६० च्या जागी ५० लिहून कर्नल पुन्हा बांधावा. बांधताना ११/४० साठीची एम४० ही असेंब्ली फाइल घ्यावी, एम४५ नव्हे. जुना कर्नल दुसऱ्या नावाने तबकडीवर ठेवावा, म्हणजे नवा उठला नाही तर @ समोर जुन्याचे नाव लिहिता येते.

थांबवण्यासाठी वेगळी आज्ञा नाही. स्मृतीतले उरलेले डिस्कवर उतरवणारी सिंक ही आज्ञा दोन-तीन वेळा द्यावी, डिस्कची हालचाल थांबल्याचे कानांनी ऐकावे, प्रोसेसर ‘हॉल्ट’ करावा, ड्राइव्ह ‘लोड’वर नेऊन तबकडी पूर्ण थांबू द्यावी, आणि मगच वीज काढावी.